नाताळच्या सुट्टीत सहकुटुंब समुद्र: गजबजलेला किनारा कुठला निवडावा?

चांदणी_मुलुंड
नाताळात तीन रात्री समुद्रावर जायचं ठरतंय. माणसं नऊ: सासू-सासरे, दोन जोडपी आणि ५, ९ व १३ वर्षांची तीन मुलं. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, पायऱ्या फार चढवत नाहीत. निघणार मुलुंडहून.

निर्जन, शांत किनारा नको आहे. संध्याकाळी भेळ, बर्फाचा गोळा, घोडागाडी, पतंग, माणसांची वर्दळ असं सगळं हवं. पण बाटल्या आणि कानठळ्या बसवणारा डीजे नको. दोघं शाकाहारी, बाकी सगळे मासेखाऊ. यादीत अलिबाग-नागाव, काशीद, दिवेआगर-श्रीवर्धन, गणपतीपुळे, मालवण-तारकर्ली आणि उत्तर गोवा आहे. माहीतगारांनी कृपया कारणांसकट सांगा.

गिरगावकर
लहान मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर आहेत, तर प्रवासात दिवस घालवू नका. अलिबाग. गेटवेहून मांडव्याला बोटीने साधारण तास लागतो, आणि काही कंपन्यांच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते. बस थेट अलिबाग शहरात सोडते, तिथून नागाव, आक्षी, वरसोलीला रिक्षा मिळतात. गाडी न्यायचीच असेल तर भाऊच्या धक्क्याहून रो-रो आहे, गाडीसकट तासाभरात पलीकडे.

ठाणेदार
गिरगावकर, गिरगावातून निघणाऱ्याला हे सोपं. मुलुंडहून आधी भाऊचा धक्का गाठायचा, बोटीच्या बऱ्याच आधी गाडी रांगेत लावायची, मग मांडव्याला उतरून पुन्हा वीसेक किलोमीटर. शिवाय नाताळात रो-रोवरच्या गाड्यांच्या जागा फार आधी भरतात. माणसाला तिकीट मिळतं, गाडीला मिळत नाही.

मुलुंडकरांनी सरळ ऐरोली, पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग धरावं. अटल सेतूची (जानेवारी २०२४ पासून सुरू) फार तारीफ होते, पण तो शिवडीहून चढणाऱ्यांच्या सोयीचा. कारला एका बाजूचे २५० रुपये, जाऊन-येऊन ३७५. मुलुंडहून मुद्दाम शिवडीला उतरायचं कारण नाही. खरी कोंडी वडखळनंतर अलिबागच्या अरुंद रस्त्यावर होते. सकाळी सहाच्या आत ठाणं सोडलं तर निभावतं.

दर्यावर्दी
गाव नंतर ठरवा, आधी भरती-ओहोटी बघा. तुम्हाला संध्याकाळची गजबज हवी आहे, आणि संध्याकाळी सहाला पाणी कुठे असेल त्यावर ती गजबज कुठे आणि किती ते ठरतं.

कोकणातला जुना हिशेब असा: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या आसपास. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी, आणि रोज हे चक्र साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून पाण्यात उतरायच्या किंवा किल्ल्यावर जायच्या दिवशी छापील तक्ताच बघायचा. मुक्कामाचे दिवस निवडायला मात्र हा हिशेब पुरतो.

तुमच्या कामाचं एवढंच. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास गेलात तर संध्याकाळी ओहोटी असते. वाळू भरपूर मोकळी, क्रिकेट, घोडागाडी, सायकली सगळं रंगतं, पण पाणी लांब गेलेलं असतं. मुलांना पाण्यात खेळवायचं तर त्या दिवसांत सकाळी नऊ ते साडेदहा, पाणी चढत असताना. अष्टमीच्या आसपास संध्याकाळी पाणी वर असतं, पण ती भांगाची, म्हणजे कमी उंचीची भरती. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणासारखी अंगावर येत नाही, ओहोटीही फार आत जात नाही. लहान मुलं बरोबर असतील तर मी भांगाचे दिवस सुचवेन.

खाडीकाठ
+१. अलिबागचा कुलाबा किल्लाही याच हिशेबाने करायचा. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी चालायला लागायचं आणि पाणी फिरायच्या आत परत यायचं. भांगाच्या दिवसांत ओहोटीलाही वाटेत पाणी राहतं, तेव्हा घोडागाडी करावी. तुमच्या सासऱ्यांना तर तीच बरी, ओल्या वाळूत आणि खडकांत गुडघ्याला फार ताण पडतो.

रस्सा_भात
दर्यावर्दी, हा हिशेब गोव्यालाही लागतो का? तिथे पाणी इतकं मागे गेलेलं दिसत नाही.

दर्यावर्दी
चांगला प्रश्न. वेळा थोड्या सरकतात, पण मुख्य फरक उंचीचा. खंभातच्या आखाताकडे समुद्र उथळ आणि निमुळता होत जातो, त्यामुळे उत्तरेकडे भरती-ओहोटीतलं अंतर वाढत जातं. मुंबईला उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, गोव्याला सगळा खेळ दोनेक मीटरचा. डहाणू-बोर्डीला ओहोटीत पाणी दिसेनासं होतं, अलिबागला बरंच लांब जातं आणि खाली चिकट गाळ लागतो, मालवण-गोव्यात मात्र दिवसभर पाणी हाताशी असतं. म्हणून "कधीही उठून पाण्यात" हवं असेल तर दक्षिणेकडे जा. उत्तरेकडे जायचं असेल तर दिवस वेळेवर बेतायला हवा.

पाण्याचा रंगही त्याच ओघात बदलतो. मुंबईच्या आसपास खाड्यांचा गाळ ढवळलेला असतो. मालवणला तळ दिसतो.

पार्लेकरीण
भरतीचं सगळं मान्य, पण चांदणीताईंचा प्रश्न गजबजीचा आहे. माझं ठाम मत: गजबज किनाऱ्याला नसते, किनाऱ्याला लागून असलेल्या गावाला असते. तारकर्लीची वाळू मालवणपेक्षा सुंदर आहे, तरी सूर्य बुडाला की तिथे काळोख आणि झावळ्यांचा आवाज. मालवणला बाजारपेठ, मासळीचा लिलाव, जेटी, खाजाची दुकानं, सगळं पायी फिरण्याच्या अंतरावर. काशीदलाही तेच होतं. दिवसा वाळूवर पाय ठेवायला जागा नाही, अंधार पडताच टपऱ्या बंद, आणि मग नऊ माणसं रिसॉर्टच्या टीव्हीसमोर.

या कसोटीवर यादी लावली तर अलिबाग, काशीदजवळचं मुरुड, श्रीवर्धन, गणपतीपुळे, मालवण आणि उत्तर गोव्यातलं कळंगुट उरतात. काशीद, तारकर्ली, देवबाग दिवसा जायला उत्तम, मुक्कामाला तुमच्यासारख्यांना नाही.

सुरूबन
पार्लेकरीण, अगदी मनातलं बोललात. त्यात श्रीवर्धनला वयस्करांसाठी मोठी सोय आहे, ती कुणी सांगत नाही. किनाऱ्यालगत बांधलेला फिरायचा रस्ता आहे. ज्यांना वाळूत चालवत नाही ते वर बाकावर बसतात, मुलं समोर खेळताना दिसतात. गाडी जवळ लागते. संध्याकाळी भेळ, भजी, मक्याची कणसं तिथेच.

दिवेआगर जवळच आहे आणि आरावीवरून जाणारा रस्ता समुद्राला लगटून जातो, तोच अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम होतो. दिवेआगरला सुवर्णगणेश, रूपनारायणाचं देऊळ आणि घरगुती जेवण. शाकाहारी दोघांची चिंता सोडा. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या रात्री संख्या सांगायची, सकाळी सांगून दुपारी मिळत नाहीत.

हरिहरेश्वरला गेलात तर देवळामागची प्रदक्षिणा भरतीत अजिबात करू नका. खडकावरून जाणारी वाट आहे, लाट बाजूने येते आणि पकडायला काही नसतं. सासऱ्यांनी तर ओहोटीतही टाळावी, पायऱ्या उंच आहेत.

ठाणेदार
श्रीवर्धनचा रस्ता माणगाव-म्हसळ्यावरून, मुंबईपासून १८०-१९० किलोमीटर. माणगावची कोंडी नाताळात ठरलेली. रेल्वेने माणगावला उतरून पुढे गाडी ठरवता येते, पण नऊ माणसांना दोन गाड्या लागतात. त्यापेक्षा मुलुंडहूनच सतरा सीटची गाडी चालकासकट ठरवा. चालकाच्या राहण्या-जेवणाचं मुक्कामाच्या ठिकाणी आधी विचारायचं. कोकणातल्या बऱ्याच घरगुती ठिकाणी चालकाची खोली असते, पण गर्दीच्या दिवसांत तीही भाड्याने दिलेली असते.

माडाची_सावली
मालवणबद्दल नीट सांगते, कारण तीन रात्रींना तेच सगळ्यात भरगच्च आहे. मुक्काम मालवणात, चिवला किनाऱ्याच्या बाजूला किंवा बाजारपेठेजवळ. तारकर्ली सहा-सात किलोमीटर, रिक्षाने जा-ये.

पहिल्या दिवशी प्रवासाचा शीण असतो, तेव्हा चिवला आणि बाजार एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर सिंधुदुर्ग. जेटीहून होडीने दहा-पंधरा मिनिटं लागतात. होडीवाले किल्ल्यावर ठराविक वेळ देतात, बहुधा तासभर, आणि तेवढ्यात पूर्ण तट फिरून होत नाही. शिवराजेश्वराचं देऊळ, महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा, दूधबाव-दहीबाव-साखरबाव या विहिरी एवढं निवांत बघा. १६६४ ते १६६७ मध्ये बांधलेल्या या किल्ल्याचं दार वळणाच्या तटात असं दडवलंय की समोरून ते दिसतच नाही. तेरा वर्षांच्या मुलाला ते आधी सांगू नका, शोधू द्या. गुडघेदुखी असलेल्यांना तटावर चढायची गरज नाही, देवळापर्यंतची वाट जमण्यासारखी आहे.

तिसऱ्या दिवशी देवबाग. कर्ली नदी आणि समुद्राच्या संगमाची होडीची सफर सगळ्यांना जमते, आजी-आजोबांनाही.

स्कूबा करायचं असेल तर ते सकाळीच, पाणी स्थिर आणि स्वच्छ असताना. पोहता येत नसलं तरी चालतं, प्रशिक्षक धरून नेतो आणि खोली बेताचीच असते. अडचण कानांची येते. खाली जाताना दर थोड्या अंतराला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची, म्हणजे कानातला दाब सुटतो. दुखायला लागल्यावर फुंकून उपयोग नाही, आधीच करायचं. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरूच नका, दाब सुटत नाही आणि पडद्याला इजा होते. दमा, हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण असेल तर नाही. बहुतेक जण दहा वर्षांखालच्या मुलांना नेत नाहीत, म्हणजे तुमच्याकडे फक्त तेरा वर्षांचा जाऊ शकेल. नऊ वर्षांच्या मुलासाठी वरून बघण्याचं स्नॉर्केलिंग आहे. स्कूबानंतर किमान बारा तास विमान नको, चिपी किंवा मोपा विमानतळाहून परतणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

सोलकढी
आणि जेवण! मालवणात थाळी घेताना आधी एकच विचारायचं: आज जेटीवर काय आलंय? सुरमई-पापलेट बारमाही लिहिलेली असते, पण त्या दिवशी बांगडा, मोरी (लहान शार्क) किंवा तिसऱ्या (शिंपल्या) ताज्या असतील तर त्याच घ्याव्यात. सोलकढी कोकमाच्या आगळाची (घट्ट रसाची) आणि ताज्या नारळाच्या दुधाची असेल तर ती फिकट गुलाबी असते आणि ठेवली की दूध वर येऊन थर दिसतो. गडद गुलाबी आणि एकसारखी दाट दिसली तर रंग किंवा पूड आहे असं समजा.

रस्सा_भात
सोलकढी, थर ठेवल्यावर कुठल्याही घरच्या कढीला येतोच, गडद रंग मात्र कोकमावरही असतो. जुनं, चांगलं वाळलेलं कोकम असेल तर रंग गडद येतो. नुसत्या रंगावरून नाव ठेवू नका. वास बघा, आणि घोट घेतल्यावर जिभेवर लसणीचा हलका चटका लागतो का ते बघा.

सोलकढी
लसणीवर मराठी माणसाचं एकमत होणार नाही, ते राहू दे. :) मालवणात फणस-काजूची, वालाची, काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या मिळतात, शाकाहारी उपाशी राहत नाहीत. फक्त ताजे काजूगर डिसेंबरात नसतात, ते पुढे फेब्रुवारी-मार्चपासून. अलिबागकडे गेलात तर थंडीत पोपटी मिळते का विचारा. वालाच्या शेंगा मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात भाजतात. डिसेंबरअखेरीला शेंगा नुकत्या येऊ लागलेल्या असतात, जानेवारीत भरात.

मडगाव_फास्ट
सगळे गोव्याला का वगळताय? किनाऱ्यावर नेमलेले जीवरक्षक दिवसभर असतात, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यात पोहायचं आणि लाल झेंडा दिसला की उतरायचं नाही, एवढा साधा नियम. महाराष्ट्रातल्या बहुतेक किनाऱ्यांवर ही शिस्त अजून नाही. मुलं घेऊन जाणाऱ्यांना यापेक्षा मोठी सोय कुठली? वंदे भारत जून २०२३ पासून मडगावला जाते, ठाण्याला थांबते, म्हणजे मुलुंडकरांना हातासरशी.

पार्लेकरीण
जीवरक्षकांबद्दल पूर्ण सहमत. पण नाताळ ते नववर्ष हा उत्तर गोव्याचा सगळ्यात महाग आणि सगळ्यात गोंगाटाचा आठवडा. कळंगुट-बागा रस्त्यावर दोन किलोमीटरला तास जातो. "डीजे नको" ही अट पाळायची तर जानेवारीचा दुसरा आठवडा किंवा दक्षिण गोवा. कोलवा-बाणावली गजबजलेले पण कुटुंबांचे. पाळोळेची खाडी अर्धचंद्रासारखी, पाणी उथळ आणि लाटा मवाळ, पाच वर्षांच्या मुलाला तोच किनारा सगळ्यात बरा. काणकोण स्टेशन जवळ आहे.

मडगाव_फास्ट
बागा नाताळात नको, हे मान्य. पाळोळेवर माझंही मत पडलं.

खाडीकाठ
गणपतीपुळ्याबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. देऊळ, बाजार, उंट-घोडे, वाळू, राहणं, सगळं पाच मिनिटांच्या अंतरात. डोंगरालाच गणपती मानलेलं, म्हणून प्रदक्षिणा अख्ख्या डोंगराला, साधारण किलोमीटरभराची. पक्की वाट आहे, सासऱ्यांना सावकाश जमेल. रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे येणारा रस्ता तर बघतच राहावा असा.

पण समुद्र फसवा आहे. वाळू झपाट्याने खोल जाते आणि परतणारं पाणी जोरात ओढतं. ओढ ओळखायची खूण: दोन्ही बाजूंना लाटा फुटून पांढऱ्या होतायत आणि मधल्या पट्ट्यात लाट फुटतच नाही, पाणी गढूळ आणि सपाट दिसतं. अनोळखी माणसाला तोच पट्टा शांत वाटतो आणि तो तिथेच उतरतो. पाणी तिथूनच आत जात असतं. कुणी सापडलंच तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजायचं नाही, दम जातो. किनाऱ्याला समांतर पोहत लाटा फुटणाऱ्या पट्ट्यात यायचं, मग लाटच बाहेर आणते. पोहता येत नसेल तर उताणं तरंगत हात वर करायचा. काशीदलाही हाच प्रकार आहे. मुलांना घोट्यापर्यंत, मोठ्यांना गुडघ्यापर्यंत, आणि कमरेएवढ्या पाण्यात कुणीही नाही.

दर्यावर्दी
खाडीकाठ, ही माहिती प्रत्येक किनाऱ्यावर पाटीवर लिहायला हवी. त्यात भर: जेलीफिश लागला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. आणि वाळूवर गाडी नेऊ नका. ओली वाळू कडक दिसते, पण गाडी थांबली की चाकाखालची वाळू सुटते, आणि रुतलेली गाडी निघेपर्यंत भरती येते.

गिरगावकर
पाण्यातल्या खेळांचंही लिहितो, तिथे मुलंच जास्त हट्ट करतात. जाकिटाच्या सगळ्या कड्या लावल्यावर खांद्यांना धरून वर ओढून बघा. जाकीट हनुवटीच्या वर सरकत असेल तर ते मुलाला मोठं आहे, पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. लहान मापाचं मागा, नसेल तर बसवू नका. बनाना राइडवाले शेवटी मुद्दाम उलटवतात, त्यांच्या मते तीच मजा. बसण्याआधी "उलटवायचं नाही" असं चालकाला स्पष्ट सांगा, नुसतं तिकीटवाल्याला सांगून भागत नाही. पॅरासेलिंग होडीवरच्या चक्राने सोडणारं घ्या. वाळूवरून जीपने ओढतात त्यात उतरताना जमिनीवर आपटायचा धोका असतो.

सुरूबन
खोली ठरवताना फोनवर विचारायचे प्रश्न: तळमजला आहे का, कमोड आहे का, गरम पाणी सौर आहे की गिझरचं (सौर असेल तर नऊ जणांच्या आंघोळीला सकाळी पुरत नाही), रात्रीचं जेवण किती वाजेपर्यंत सांगायचं, जादा गादीचे किती, वीज गेली तर पंखे चालतात का. आणि "समुद्र दोन मिनिटांवर" म्हणाले तर मधे काय आहे ते विचारा. वाडीतली ओबडधोबड वाट किंवा ओढ्यावरचा साकव असेल तर सासऱ्यांना ती दोन मिनिटं फार जड जातील.

चांदणी_मुलुंड
सगळ्यांचे मनापासून आभार. घरी वाचून दाखवलं. मालवण शहरात मुक्काम, एक दिवस तारकर्ली-देवबाग, असं जवळपास ठरलं. सासऱ्यांना सिंधुदुर्ग बघायचाच आहे. श्रीवर्धन मार्चमधल्या जोडून सुट्टीसाठी राखून ठेवलंय. आता गाडी कुठली घ्यावी? वंदे भारत की रात्रीची?

ठाणेदार
वंदे भारत कणकवलीला थांबते, कुडाळला नाही. कणकवलीहून मालवणही गाडीने जमतं, पण कुडाळहून सोपं, तीसेक किलोमीटर. दिवसा प्रवास केला तर अर्धा दिवस जातो. रात्रीची कोकणकन्या किंवा तुतारी घेतलीत तर सकाळी कुडाळ आणि पूर्ण दिवस हातात. वयस्करांना खालचे बर्थ मिळावेत म्हणून ज्येष्ठ नागरिकांचं तिकीट वेगळं, दोघांचंच काढा. नऊ जणांचं तसंही एका तिकिटावर होत नाही, सहाचीच मर्यादा आहे. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे नाताळासाठी ऑक्टोबरअखेर. सकाळी आठला संगणकासमोर बसावं लागेल.

माडाची_सावली
तुतारी घेत असाल तर तारीख नीट बघा. ती दादरहून रात्री बारा वाजून गेल्यावर सुटते. २४ तारखेच्या रात्री निघायचं असेल तर तिकीट २५ चं काढायचं. ठाण्याहून बसणार असलात तरी तेच. आणि खोली पहिल्या दिवशी सकाळपासून मिळेल का ते आत्ताच विचारून ठेवा. बहुतेक ठिकाणी खोली दुपारी बाराला देतात, गाडी त्याच्या बऱ्याच आधी पोचते. निदान सामान ठेवायला आणि आंघोळीला एक खोली सकाळी उघडून द्या, असं सांगितलं तर मालवणात सहसा नाही म्हणत नाहीत.